तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फाच्या मुलखात हिरवळ कशी?

स्वालबार्ड या नॉर्वेच्या ध्रुवीय बेटसमूहाची माझी छायाचित्रे पाहताना एका हिरव्यागार उतारापाशी प्रत्येक जण थबकतो आणि विचारतो, की उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळ एवढी हिरवळ कशी? काहींना तर ते छायाचित्र आइसलँडचे वाटते. ते आल्कहॉर्नेटचेच आहे, आणि ती हिरवळ पक्ष्यांच्या विष्ठेवर पोसलेली आहे.

आल्कहॉर्नेट हे भूशिर स्पिट्सबर्गेन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७८ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, इस्फ्योर्ड या समुद्राच्या खोल फाट्याच्या मुखाशी उभे आहे. अटलांटिकमधून येणारा कोमट प्रवाह याच किनाऱ्याने उत्तरेकडे जातो, त्यामुळे समुद्र बराच मोकळा राहतो आणि पक्ष्यांना मासे मिळतात. जमीन मात्र नापीक आहे. जुलैतही सरासरी तापमान पाच-सहा अंशांच्या आसपास असते, थोड्याच खोलीवर माती कायमची गोठलेली असते आणि झाड म्हणावे तर जमिनीला चिकटलेला, बोटभर उंचीचा ध्रुवीय विलो.

या भूशिराचा कडा दहिवराने आणि बर्फाने फुटून त्याला असंख्य अरुंद कपारी पडल्या आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांवर ब्रुनिक गिलेमॉट व किट्टीवेक हे समुद्रपक्षी हजारोंनी दाटीने बसतात. किट्टीवेक चिखल आणि गवत लिंपून घरटे बांधतो. गिलेमॉट तेवढीही तसदी न घेता उघड्या दगडावर एकच अंडे घालतो. हे पक्षी समुद्रात चरतात आणि विष्ठा कड्याखाली टाकतात, म्हणजे समुद्रातले नायट्रोजन आणि फॉस्फरस दर उन्हाळ्यात जमिनीवर येते. शेणखत पडलेला वाफा ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. कड्याखाली जाड शेवाळ आणि गवत माजते. स्कर्व्हीने, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने, हिरड्या सुजलेले जुने खलाशी जी ‘स्कर्व्ही ग्रास’ नावाची वनस्पती खात, तीही इथे भरघोस वाढते. आखूड पायांचे स्वालबार्डी रेनडिअर आणि बार्नॅकल हंस तिथेच चरतात. बेसुमार शिकारीने हे रेनडिअर संपत आले होते. १९२५ मध्ये त्यांना संरक्षण मिळाले.

माझे लक्ष मात्र ध्रुवीय कोल्ह्यावर खिळले. इतरत्र ध्रुवीय कोल्हे ज्यांवर जगतात ते लेमिंग, म्हणजे उंदरासारखे छोटे प्राणी, स्वालबार्डमध्ये नाहीत, त्यामुळे इथल्या कोल्ह्याची मदार रेनडिअरची मढी आणि पक्ष्यांवर असते. गिलेमॉटचे पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचे असताना, नीट उडता येत नसतानाच, कड्यावरून उडी घेते आणि पाण्यात पोहोचले तर बापाबरोबर पोहत निघून जाते. पाण्याच्या अलीकडे गवतात पडले तर ते कोल्ह्याचे. जास्तीचे तो हिवाळ्यासाठी पुरून ठेवतो.

जायचे असेल तर जुलै गाठावा, कारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत गिलेमॉट समुद्रावर निघून गेलेले असतात. आणि चालताना दगडांवरूनच चालावे; त्या मऊ शेवाळात उमटलेला बुटाचा ठसा भरून यायला वर्षे लागतात.