पुन्हा 'पाचोळा'

औशाच्या घरी मायची लोखंडी पेटी उघडली. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' निघाली. १९७१ची कादंबरी. अकरावीत वाचली होती. शाळेत माझ्या बोलण्याला हसायचे, आणि इथं पार्वती अख्खी गोष्टच आपल्या बोलीत सांगत होती! किती जीव लागला होता त्या पुस्तकावर. तेव्हा तिच्या नवऱ्याचा, गंगाराम शिंप्याचा, फार राग यायचा, त्यांच्या पोराचीच बाजू पटायची. परवा बाजेवर बसून वाचताना मात्र पार्वतीपाशीच थांबले. बाप-लेकाच्या मधे उभी असलेली बाई. माय अशीच चौकटीला टेकून उभी राहायची, पदराचं टोक पिळत. दोन पानं मोठ्यानं वाचली. शेजारची काकू भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "व्हय बाई, असंच असतंय. वाच अजून."