एक संगणक, चार मुलं आणि फिरता माऊस

लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर... इंदूरच्या मराठी वस्त्यांत एखाद्या मंडळानं मुलांसाठी संगणक घ्यायचे ठरवले की पहिली काळजी संख्येची असते. मुलं वीस, यंत्रं पाच, पुरणार कशी? माझं मत उलटं आहे. मुलांनी एकमेकांकडून शिकावं असं वाटत असेल, तर विसांना पाच यंत्रं अगदी बरोबर आहेत. प्रत्येकासमोर वेगळा पडदा आला की शेजारच्याशी बोलायचं कारणच उरत नाही. खरी काळजी करायची ती दोन गोष्टींची. माऊस कुणाच्या हातात राहतो, आणि दिलेलं काम एकट्याला उरकता येतं का?

माऊसपासून सुरुवात करू. चार मुलं यंत्रासमोर बसली की ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो माऊस पकडतो आणि तास संपेपर्यंत सोडत नाही. उरलेले तिघे प्रेक्षक. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी २००६च्या सुमारास यावर एक उपाय करून पाहिला होता. एकाच संगणकाला अनेक माऊस जोडायचे आणि पडद्यावर प्रत्येकाचा वेगळा बाण दाखवायचा. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. 'जो आधी टिचकी मारेल तो जिंकेल' असं ठेवलं, की मुलं, विशेषतः मुलगे, न वाचताच टिचक्या मारत सुटतात. सगळ्यांनी एकच उत्तर निवडल्याशिवाय पुढचा प्रश्न येणार नाही असं केलं, की त्यांना आपसात बोलावंच लागतं. यंत्र तेच, मुलंही तीच. बदलला तो फक्त नियम.

साध्या संगणकाला दोन माऊस लावले तर दोन्ही एकाच बाणाला ओढतात, त्यामुळे विशेष सॉफ्टवेअर नसेल तर माऊस फिरता ठेवणंच बरं. दर आठ मिनिटांनी घंटी वाजवायची आणि माऊस डावीकडे सरकवायचा. सोबत एक कडक नियम: ज्याच्या हातात माऊस, त्यानं स्वतःच्या मनानं काहीही करायचं नाही. काय करायचं ते शेजारच्यानं सांगायचं, तिसऱ्यानं 'का?' विचारायचं, चौथ्यानं वहीत लिहायचं. आपल्या डोक्यातली कल्पना दुसऱ्याच्या हातून पडद्यावर आणायची म्हणजे ती शब्दांत मांडावीच लागते. सुरुवातीला हुशार मुलं वैतागतात, कारण त्यांचा वेग कमी होतो. वैतागू द्या. समजावून सांगताना त्यांचं स्वतःचं समजणं कुठे कच्चं आहे ते त्यांनाच कळतं.

यंत्रांबद्दल थोडक्यात. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप मिळतात. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी एवढं या कामाला पुरतं. साधी हार्ड डिस्क नको. ती सुरू होण्यातच तासाची पाच मिनिटं जातात. या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चालत नाही आणि विंडोज १०चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५मध्ये थांबले, म्हणून लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकावी. घेताना घड्याळ बघा. आतला सीआर २०३२ सेल संपलेला असेल तर दर वेळी तारीख मागे जाते, आणि मग इंटरनेट चालू असूनही वेबसाइट सुरक्षिततेचं कारण देऊन उघडत नाहीत. लोक राउटरला दोष देत बसतात, बदलायला हवा तो सेल. पडदा २२ इंची तरी हवा, अक्षरं १८ पॉइंटची, आणि टेबल कोपऱ्यात नको. चौघांना अर्धगोलात बसता आलं पाहिजे. माऊस वायरलेस घेतलेत तर प्रत्येक माऊसला आणि त्याच्या डोंगलला (यंत्रात खोचायच्या छोट्या तुकड्याला) एकाच रंगाची टेप चिकटवा. पाच सारखे माऊस गोळा करून पुन्हा वाटले की एका टेबलावरचा माऊस दुसऱ्या टेबलावरचा बाण हलवतो, आणि कुणालाच काही सुधरत नाही.

इंटरनेट नसलं तरी चालतं. एका यंत्रावर (हाच आपला सर्व्हर) इथरपॅड नावाचं मोफत सॉफ्टवेअर बसवलं की बाकीची यंत्रं ब्राउझरमधून त्याच कागदावर एकाच वेळी लिहू शकतात. इंटरनेटशिवाय वाचता येईल असा मराठी आणि हिंदी विकिपीडिया किविक्स या मोफत सॉफ्टवेअरमधून उतरवून ठेवला की संदर्भाचीही सोय होते. जोडणी फसते ती ठरलेल्या तीन जागी. सगळी यंत्रं राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर असली तर त्यांना एकमेकं दिसत नाहीत, कारण ते जाळं मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. सर्व्हरचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक) राउटरमध्ये पक्का केला नाही तर पुढच्या रविवारी तो बदललेला असतो आणि मुलांनी वहीत लिहून घेतलेला पत्ता चालत नाही. तिसरं म्हणजे फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सर्व्हरवरची सोय: इथरपॅड ९००१ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) बोलतं, तो उघडा हवा. यूपीएस एकच परवडत असेल तर तो सर्व्हर आणि राउटरला द्या. वीज जाऊन बाकीची यंत्रं बंद पडली तरी मुलांनी लिहिलेलं सर्व्हरवर राहतं.

आता कामाबद्दल, कारण सगळं त्यावरच उभं आहे. 'इंदूरच्या पाणीपुरवठ्याची माहिती गोळा करा' असं सांगितलंत तर एक मूल दोन मिनिटांत कुठून तरी चार परिच्छेद उतरवेल आणि गट मोकळा होईल. हेच काम तुकड्यांत वाटून दिलं तर गोष्ट बदलते. ही पद्धत एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं १९७१मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनच्या शाळांसाठी बांधली. प्रत्येकाकडे विषयाचा एकच तुकडा असतो, आणि पूर्ण चित्र हवं असेल तर बाकीच्यांचं ऐकण्यावाचून इलाज नसतो.

वीस मुलांचे चौघांचे पाच मूळ गट करा. पाणी हा विषय घेतला तर तुकडे असे पडतात: नर्मदेपासून इंदूरपर्यंतची वाट, पंपाची वीज, घरातल्या नळाची मोजणी, आणि नर्मदेआधीचं पाणी, म्हणजे यशवंतसागर, बिलावली, सिरपूर हे तलाव. या शेवटच्या तुकड्यात नर्मदेचं पाणी इंदूरला आणण्यासाठी झालेलं १९७०चं आंदोलन आणि १९७८मध्ये शहरात पोचलेला पहिला टप्पाही येतो. प्रत्येक मूळ गटातून एक मूल एका तुकड्याकडे जातं, म्हणजे पाच-पाच जणांचे चार अभ्यासगट होतात. ते चार यंत्रांवर बसतात, पाचवं यंत्र सर्व्हर. पडद्यासमोर पाच जण जास्त होतात, म्हणून दोघांना छापील नकाशा किंवा आकडेमोड द्या आणि अर्ध्या वेळानं अदलाबदल करा. दीड तासात पहिली दहा मिनिटं वाटणीला, तीस अभ्यासगटाला, तीस मूळ गटात परत येऊन शिकवायला आणि वीस शेवटच्या प्रश्नांना. मूळ गटात शिकवताना लिहिलेलं पान बंद ठेवायचं, पडद्यावर फक्त आकृती. पान उघडं राहिलं की मुलं शिकवत नाहीत, वाचून दाखवतात.

पंपाच्या तुकड्यात मुलं सगळ्यात जास्त भांडतात, आणि तिथेच सगळ्यात जास्त शिकतात. प्रश्न साधा दिसतो: मंडलेश्वरजवळच्या जलूदहून एक हजार लिटर पाणी इंदूरला आणायला किती वीज लागते? जलूद सुमारे ७० किलोमीटर दूर. तिथला नदीकाठ समुद्रसपाटीपासून साधारण १५० मीटरवर आणि इंदूर साधारण ५५० मीटरवर. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले अंतर हे सूत्र शाळेत झालेलं असतं, म्हणून एखादा लगेच ७० किलोमीटर घालून मोकळा होतो. शीट (पडद्यावरचा आकडेमोडीचा तक्ता) १९०हून जास्त युनिट दाखवते. दुसरी म्हणते, "अरे, ऊंचाई ले, लंबाई नहीं." (इथली मुलं भांडताना हिंदीत जातात. जाऊ द्या, लिहिताना मराठीत येतील.) ४०० मीटर घातले की ३९,२०,००० ज्यूल, भागिले ३६,००,००० (एका युनिटमधले ज्यूल), म्हणजे १.०९ युनिट.

दोन उत्तरं पडद्यावर एकाखाली एक राहू द्या, मोठ्यांनी मधे बोलू नये. घरचं विजेचं बिल आणायला आधीच सांगितलेलं असलं तर मुलंच ताडून पाहतात: टाकीभर पाण्याला घरच्या महिनाभराच्या बिलाएवढी वीज लागत असेल का? मग पुढचा प्रश्न आपसूक निघतो, की १.०९ तरी खरं का. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर आकडा दीडच्या वर जातो. गूगल अर्थ प्रोमध्ये जलूद ते इंदूर रेघ ओढून उंचीचा आलेख काढला की दिसतं की वाटेत विंध्याचा घाट शहरापेक्षाही उंच आहे. पाणी आधी घाटावरच्या वांचू पॉइंटपर्यंत चढवावं लागतं, तिथून ते उताराने शहरात येतं. म्हणजे ४०० मीटर हा आकडाही कमीच. हे वाटेच्या गटाला माहीत असतं, पंपाच्या गटाला नाही. मूळ गटात हे दोघं समोरासमोर आले की उत्तर दुरुस्त होतं. वाटणी करताना अशी निदान एक गाठ मुद्दाम ठेवावी, जी एका तुकड्यातून सुटत नाही.

नळाच्या तुकड्यासाठी पाचही मुलं घरून आकडे आणतात. १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते आणि पाणी किती वेळ येतं, एवढंच. बऱ्याच भागांत पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे काम शनिवारी सांगून रविवारी मागू नका. निदान तीन दिवस द्या. हे आकडे इंटरनेटवर कुठेच नसतात, म्हणून उतरवण्याचा प्रश्नच येत नाही.

सामायिक शीटमध्ये काही गोष्टी हमखास बिघडतात. १ मिनिट २० सेकंद म्हणून कुणी १:२० लिहितं, शीट त्याला एक तास वीस मिनिटं समजते. सगळे आकडे सेकंदांत, ८० असेच लिहायचे. कुणी मराठी कळफलकावरून देवनागरी अंक टाकतं. ते वाचायला छान, पण शीट त्यांना बहुधा मजकूर मानते आणि बेरजेत धरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: संख्या चौकोनात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. दोघांनी एकाच चौकोनात एकदम लिहिलं तर नंतर लिहिलेलं राहतं, आधीचं पुसलं जातं, म्हणून प्रत्येकाला स्वतःची ओळ नेमून द्या. इथरपॅडमध्ये लिहिणाऱ्याचा रंग ब्राउझरवरून ठरतो, मुलावरून नाही. माऊस फिरला तरी रंग तोच राहतो, तेव्हा प्रत्येक वाक्याआधी नावाचं आद्याक्षर लिहायला लावा.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा कळफलक शिकवा, कृतिदेव हा जुना फॉन्ट नको. आपल्याकडे सीपीसीटी या संगणक-परीक्षेच्या तयारीमुळे घरात कुणाला तरी रेमिंग्टन हा टंकयंत्राचा जुना कळफलक येत असतो आणि फाइल कृतिदेवमध्ये येते. तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर ती उघडली की अगम्य अक्षरं दिसतात. हिंदी शाळेतल्या मुलांना ळ आणि ऱ्य सापडत नाहीत. शिफ्ट धरून ल दाबला की ळ, शिफ्ट धरून र दाबला की ऱ. त्यापुढे हलन्त आणि य. बोलून टंकायची सोय मात्र एका खोलीत पाच गट असताना बंदच ठेवा, शेजारच्या टेबलावरची वाक्यं आपल्या पानात येतात.

चर्चा लेखी करायची असेल तर कोरं पान देऊ नका. टोरांटोत मार्लिन स्कार्डमालिया आणि कार्ल बेराइटर यांनी १९८०च्या दशकात वर्गासाठी जी सामायिक संगणक-प्रणाली उभी केली, तिच्यात मुलं आपल्या टिपणाला 'माझी उपपत्ती', 'मला समजून घ्यायचंय', 'नवी माहिती' अशा खुणा लावत. मराठीत 'मला वाटतं..., कारण...', 'हे पटत नाही, कारण...' आणि 'हे अजून कळलं नाही:' एवढ्या तीन सुरुवाती पानावर आधीच टंकून ठेवल्या तरी 'छान', 'बरोबर' असले शेरे पडायचे थांबतात. तिसरी सुरुवात सगळ्यात मोलाची. ती रिकामी राहिली तर काम फार सोपं दिलंय असं समजावं.

गुण द्यायचे असतील तर गटाच्या पानाला कमी आणि एकेकट्यानं सोडवलेल्या प्रश्नांना जास्त द्या, आणि प्रश्न प्रत्येकाला चारही तुकड्यांवर विचारा. शेवटच्या वीस मिनिटांत चिठ्ठी काढा: गट कोणता, मूल कोणतं, तुकडा कोणता. स्वतःचा तुकडा निघाला तर चिठ्ठी परत टाकायची. उत्तर आलं नाही तर गटाला दोन मिनिटं बोलायला द्यायची, पण उभं राहून सांगायचं त्याच मुलानं. अशा वेळी बाकीचे तिघे ज्या तळमळीनं त्याला पंपाचं गणित समजावतात, तेवढ्या वेळात माऊस टेबलावर पडून असतो आणि कुणी त्याला हात लावत नाही.