आमची वाटचाल: शालूचा रंग जुळेपर्यंत

1978 साली वडिलांनी सांगलीत स्टुडिओ काढला. लग्नसराईत डार्करूममध्ये रात्र-रात्र जागरणं व्हायची. पुढे डिजिटल कॅमेरे आले, प्रिंटचं काम आटलं. पण घरोघरच्या कपाटांत निगेटिव्ह तशाच पडून होत्या. म्हणून 2011 साली मी सेकंडहँड एप्सन व्ही 700 स्कॅनर घेतला आणि बाहेर पाटी लावली: जुन्या निगेटिव्ह, स्लाइडवरून फोटो मिळतील.

पहिलंच मोठं काम माझ्या हातून बिघडलं. एका काकूंच्या 1986च्या लग्नाचे तीन रोल. स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, ऑटोमॅटिक सेटिंगवर ठेवून सगळे स्कॅन केले. काकू एकेक फोटो बघत गेल्या आणि थांबल्या. "अरे, माझा शालू मोरपंखी होता. इथं हिरवा, तिथं निळा कसा?" मी पैसे घेतले नाहीत, रोल तेवढे ठेवून घेतले.

दोन महिने त्याच रोलवर बसलो. रंगीत निगेटिव्हच्या फिल्मला मुळातच नारिंगी झाक असते. ऑटोवरचा ड्रायव्हर प्रत्येक फोटोत ती नव्याने अंदाजाने काढतो. मांडव हिरवा असेल तर हिरवाच कापतो, म्हणून शालू रंग बदलत होता. उपाय रोलच्या टोकालाच होता. तिथली पट्टी कोरी असते, प्रकाश न लागलेली. आता मी आधी ती पट्टी स्लाइडच्या, म्हणजे सरळ रंग दिसणाऱ्या फिल्मच्या, सेटिंगवर स्कॅन करतो, म्हणजे ड्रायव्हर रंग उलटे करत नाही. नारिंगी फिल्म निळा प्रकाश अडवते, त्यामुळे लाल, हिरवा, निळा या तीन रंगांच्या नोंदींपैकी (चॅनल) निळा सगळ्यात खाली दिसतो, त्याच्या वर हिरवा. दोघांचं एक्स्पोजर वाढवत तिन्ही चॅनल एका पातळीवर आणायचे, एकही फाटू द्यायचा नाही, म्हणजे कमाल मर्यादेवर आदळू द्यायचा नाही, आणि ते आकडे लॉक करायचे. मग अख्खा रोल त्याच सेटिंगवर, 16 बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा टिपून. निगेटिव्हचं उलटं करून सरळ चित्र काढणं आणि रंग बसवणं त्यानंतर.

काकू दुसऱ्यांदा आल्या त्या शालूच घेऊन. पदर प्रिंटशेजारी धरला आणि खिडकीपाशी कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

स्लाइडला आयटी 8.7/1 टार्गेट लागतं. रंगांच्या चौकटींची फिल्म आणि त्यांच्या मोजमापाची फाइल असते, त्यावरून स्कॅनरचा प्रोफाइल, म्हणजे त्याचे रंग दुरुस्त करणारा तक्ता, बनतो. कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या स्लाइड फिल्मचे डाय (रंगद्रव्यं) इतर स्लाइडपेक्षा वेगळे, म्हणून एका फिल्मचा प्रोफाइल दुसरीला लावत नाही.

एकदा सगळ्या फोटोंवर एकच बारीक उभी रेघ यायला लागली. मशीन उघडायच्या बेतात होतो. फिल्म धरणाऱ्या चौकटीच्या, म्हणजे होल्डरच्या, टोकाला मोकळी खाच असते, स्कॅनर तिथला उघडा उजेड बघून स्वतःला जुळवतो. तिथं काचेवर कापसाचा एक तंतू निघाला. तेव्हापासून दिवा वीस मिनिटं तापल्यावर पहिला फुंकपंप त्या जागेवर.

ऑगस्ट 2019च्या महापुरानंतर लोक चिखलाने भरलेले अल्बम घेऊन आले. बरेच प्रिंट गेले, काही निगेटिव्ह मात्र वाचल्या. भिजलेली निगेटिव्ह तशीच वाळली तर एकमेकींना चिकटते, म्हणून ती स्वच्छ थंड पाण्यातच ठेवून आणा. स्कॅनर इन्फ्रारेड या न दिसणाऱ्या किरणांनी धूळ ओळखून फोटोतून काढतो. कृष्णधवल फिल्मवर ही धूळसफाई चालत नाही, फिल्ममधली चांदी तो किरणच अडवते. ते डाग आम्ही हातानेच काढतो.

आणि रोलच्या टोकाची कोरी पट्टी बिनकामाची समजून कापून टाकू नका. ती नसेल तर आम्हाला दोन फोटोंमधल्या फटीवर भागवावं लागतं.