नदीपुरता आपला

सह्याद्रीच्या नदीनाल्यांतल्या माशांत महसीरइतका मान दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नाही. महाडजवळ वाळणकोंडात काळ नदीच्या डोहातले महसीर वरदायिनीचे मानले जातात आणि त्यांना कोणी गळ लावत नाही. वाडा तालुक्यातल्या तिळसे येथे वैतरणेवरही हाच शिरस्ता आहे. काठावरून मूठभर कुरमुरे टाकले की हिरव्या पाण्यातून काळसर पाठींची झुंबड वर येते. या माशाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे झाडावरून पडलेले फळ असो, किडा असो की भाविकाचा कुरमुरा, तो आधी गिळतो आणि मग दळतो. मला हा क्रम फार आवडतो.

त्याला वाहते, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो, आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो. कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासकाने 1839 साली या माशाचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून, हे आज संगमाच्या पुलावर नाक दाबून उभ्या राहणाऱ्याला सांगून पटणार नाही.

नद्या अशा झाल्यावर लोणावळ्यात वळवणच्या तलावाकाठी 1970च्या दशकात महसीरचे बीज कृत्रिमरीत्या तयार होऊ लागले आणि पिल्ले दूरदूरच्या नद्यांत गेली. त्या चिकाटीविषयी मला आदर आहे; पण त्यांतली काही कावेरीत सोडली गेली, आणि कावेरीला तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोंच्याही वर जाणारा महसीर होता. धरणांनी आणि सुरुंगांच्या मासेमारीने तो आधीच खचत असताना त्याच्या डोहांत आपला सह्याद्रीतला पाहुणा शिरला. देशी मासा देशी नदीत सोडला, यात कोणाला काही वावगे वाटले नसावे. परंतु मासा देशापुरता किंवा राज्यापुरता देशी नसतो, तो नदीपुरता असतो. दुर्दैव असे की, कावेरीचा हा महाकाय मासा म्हणजे 2007 साली पांबार या कावेरीच्याच खोऱ्यातल्या नदीतल्या लहान नमुन्यांवरून वर्णन झालेलीच जात, हे 2018 साली स्पष्ट झाले, आणि त्याच वर्षी तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली. त्याआधीच्या दीडेक दशकातल्या गळकऱ्यांच्या नोंदींत कावेरीचा महसीर जवळजवळ नाहीसा होत गेलेला दिसतो, आणि आपला वाढत गेलेला.