कोकणातला हिवाळा आणि घराचा उतारा – माझा अनुभव

रिटायर झाल्यावर दिवाळी ते शिमगा गावी राहायचं हे आमचं आधीपासून ठरलेलं. ह्यांचं मूळ घर आडिवरे-कशेळीच्या बाजूला, चिऱ्याचं, कौलारू, कित्येक वर्षं कुलूप. आता ओळखीतले सगळे विचारतात छपराला किती आला खर्च, सुतार कुठला. अहो छप्पर झालं हो, वासे बदलले, रिपा नवीन टाकल्या, मंगलोरी कौलं निम्मी जुनीच धुऊन चढवली, वाळवीचं औषध मारलं, न्हाणीघर आत घेतलं. आमचा हिवाळा खाल्ला तो एका कागदाने, ग्रामपंचायतीच्या घर असेसमेंट उताऱ्याने (घरपट्टी कोणाच्या नावावर ते दाखवणारा कागद). अजून आठवलं की डोकं तापतं.

झालं असं, घर बंद म्हणून लाइटचा मीटर कधीच काढून नेलेला. नवीन मीटरला घराचा पुरावा पाहिजे, म्हणजे हाच असेसमेंटचा, नमुना 8 चा उतारा, आणि तो अजून आजेसासऱ्यांच्या नावावर. बऱ्याच जणांना वाटतं सातबारावर नाव लागलं की झालं, तर तसं नाही. सातबाराची वारस नोंद तलाठ्याकडे (हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी, गावात तलाठीच म्हणतात). ती आमची आधीच झालेली, नोटीस लागली, 15 दिवसांत हरकत आली नाही, मंजूर. घराचं रजिस्टर मात्र पंचायतीचं, तिथे अर्ज वेगळा.

पंचायतीत ग्रामसेवकांकडे (गावात त्यांना भाऊसाहेब म्हणतात) दोन गावांचा चार्ज, आपल्याकडे येणार ठरलेल्या वारी. त्या वारी गेलं तर भाऊसाहेब तालुक्याला मीटिंगला. भाऊसाहेब भेटले तर कपाटाची चावी शिपायाकडे आणि शिपाई नळाच्या लाइनवर. एकदाचं रजिस्टर निघालं, लाल फडक्यात बांधलेलं, पान उघडलं तर नेमकी आमच्या ओळीत वाळवी. आजेसासऱ्यांचं नाव शाबूत, आडनाव खाल्लेलं, आणि पुढे घराचं वर्णन एकदम स्वच्छ, "चिरा-माती, कौलारू, पडवीसह". भाऊसाहेब म्हणतात, "काकू, आडनाव दिसत नाही, हे घर तुमचंच कशावरून?" म्हटलं, दरवर्षी घरपट्टी घेता तेव्हा पावतीवर कोणाचं आडनाव घालता? म्हणाले, बघतो. ह्यांनी माझी कोपरखळी खाल्ली कारण हे त्यांना "काही घाई नाही" म्हणत होते. घाई नाही कशी, बाहेर गवंडी उभा!

मग म्हणे सहहिस्सेदारांची संमती आणा. एक चुलत दीर वापीला, एक बडोद्याला, दोघांची संमतीपत्रं नोटरी करून कुरियरने मागवली. (हे पहिल्या फेरीलाच विचारून घ्या, आम्हाला कोणी एकत्र यादी दिलीच नाही, दर वेळी एक कागद नवीन.) मग विषय मासिक सभेत. एका सभेला कोरम नाही, तहकूब. पुढच्या सभेला विषय अजेंड्यावर घ्यायचाच राहिला! इकडे गवंडी विचारतोय कटर कुठे लावू, पंपाशिवाय पाणी कसं मारू. तात्पुरतं कनेक्शन मिळतं पण दर जास्त आणि कागद परत तेच. सुतार म्हणाला शेजारच्या वहिनींकडून वायर ओढू, मी साफ नाही म्हटलं, एक तर ते बेकायदा आणि वर गावभर चर्चा. आणि आंबा सुरू झाला की कामाला माणूस मिळत नाही, म्हणून सांगते, घराचं काम काढायच्या आदल्या वर्षीच उतारा बघून ठेवा.

आम्ही विहिरीवर दोरी-कळशी, रात्री कंदील, आणि काम अडलं की सरळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. तेवढं मात्र झकास झालं. पहाटे गार असतं, गवत वाळून पिवळं, काजूला मोहर, पण दहानंतर कातळ असा तापतो की खालून भाजतं, म्हणून उजाडताच निघा, चपला नको बूट घाला, पाणी दोघांचं वेगवेगळं. कशेळीच्या सड्यावर कातळशिल्पातला हत्ती आहे, साधारण 18 मीटर लांब, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. ह्यांनी सोंड शोधण्यात तासभर घालवला. कोरीव रेषांवर पाय देऊ नका प्लीज. गुडघे कुरकुरत असतील तर पूर्णगड बरा, लहानसा किल्ला, चढ फारसा नाही, खाली मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते. ह्यांची शुगर पण उतरली, गोळ्या त्याच, हे डॉक्टरांनी सांगितलं, मी नाही.

हां, सुटलं कसं ते राहिलं. मी जन्मभर ऑफिसात आवक-जावक सांभाळलेली. तोंडी विचारणं बंद केलं. नवीन अर्ज, खाली जोडलेल्या कागदांची यादी, मागच्या घरपट्टी पावत्यांच्या झेरॉक्स, आणि पोच, आवक नंबर, तारीख आणि शिक्क्यासकट. शिपाई म्हणाला शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, मी म्हटलं मग बसते. बसले. शिक्का सापडला. अर्जात शेवटी एक ओळ टाकली, लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे किती मुदतीत काम होईल ते लेखी कळवावे. भांडण नाही, आवाज नाही. पुढच्या सभेत ठराव पास, उतारा हातात, मीटर मग पटकन बसला, त्यात सांगण्यासारखं काहीच नाही.

एक लक्षात ठेवा, हा उतारा कर आकारणीचा, मालकी सिद्ध करणारा कागद नव्हे, त्यामुळे भाऊबंदकीत कोणी तो नाचवला तर घाबरू नका. आणि उतारा मिळाल्यावर तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग, घर नंबर वाचा, आमच्यात पडवी गाळलेली, लगेच घालून घेतली.

आता वापीच्या भावजींचा फोन आलाय, "वहिनी, आमच्या दोन खोल्यांचं पण बघता का?" अर्जाचा नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, पोच घ्यायला मात्र तुम्ही या म्हटलं.