साइटवरचं माझं पहिलं कास्टिंग

सिव्हिल करून वरळीला समुद्राच्या बाजूच्या एका साइटवर ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो तेव्हा वाटायचं ड्रॉइंग वाचता आलं, कॅल्क्युलेशन जमलं की झालं, पण पहिल्याच आठवड्यात सरांनी हातात टेप आणि टॉर्च दिला आणि म्हणाले, कॉलमचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) बंद व्हायच्या आधी कव्हर बघून ये.

कव्हर म्हणजे सळईच्या बाहेर किती जाड काँक्रीट आहे ते. खाऱ्या हवेत हे कमी पडलं की सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट सुटायला लागतं, मुंबईत जुन्या बिल्डिंगच्या छज्ज्याखाली उघड्या पडलेल्या सळया आपण सगळ्यांनी बघितल्यात. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानकात, समुद्रकाठच्या कामाला ४५ मिमी दिलंय. मी टॉर्च मारला तर एका बाजूला सळई साच्यापासून लांब ठेवणारे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉकच नव्हते, सळयांचा पिंजरा जवळजवळ साच्याच्या प्लायला टेकलेला. मुकादम काका माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणाले, "साहेब, वीस वर्षं हेच करतोय." त्यांना खोला म्हणायला जीभ रेटेना. शेवटी टेप त्यांच्याच हातात दिला. त्यांनी मोजलं, १० मिमी भरलं, काही बोलले नाहीत, पोराला हाक मारून शटर खोलायला लावलं.

कास्टिंग, म्हणजे काँक्रीट ओतणं, रात्री. काँक्रीटची दुसरी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून खूप उशिरा आली, स्लम्प (काँक्रीट किती सैल आहे ते बघायची चाचणी) घेतला तर ६० मिमी, पाहिजे होता १२०. पंपवाला म्हणतो थोडं पाणी मारा, नाहीतर पाइप चोक होईल. पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद उतरते हे मी परीक्षेत कितीदा लिहिलंय, पण रात्री १ वाजता सगळे खोळंबलेले असताना तोंडाने नाही म्हणणं फार जड जातं, आणि याची तयारी कॉलेजात करून घ्यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. मी गाडी थांबवली, सरांना फोन लावला, प्लांटचा माणूस आला, त्याने मोजून अ‍ॅडमिक्श्चर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन टाकलं, ड्रम फिरवला, परत स्लम्प घेतला, ११५ आला, मगच पंप चालू. वेळ, गाडी नंबर, दोन्ही स्लम्प रजिस्टरला लिहिले आणि ताकद तपासायला काँक्रीटचे ६ ठोकळे, म्हणजे क्यूब भरले, ३ सात दिवसांनी तपासायचे, ३ अठ्ठावीस दिवसांनी.

वरच्या मजल्याचे कॉलम आले तेव्हा काकांनीच खालून हाक मारली, "साहेब, टॉर्च घेऊन या, अजून बंद केलं नाही."