खुर्दचा खोकला बुद्रुकच्या नावावर – माझा अनुभव

या गोष्टीला आता सहा महिने होतील, तरी आठवलं की डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स, अमळनेर-पारोळा पट्ट्यात एक उपकेंद्र माझ्याकडे आहे. गावाचं नाव सांगत नाही, एवढंच की माझ्याकडे त्या नावाचं खुर्द आहे आणि नाल्यापलीकडचं बुद्रुक दुसऱ्या सिस्टरकडे. जूनमध्ये बदलून आले, लॉगिन मिळालं, टॅब मिळाला, ट्रेनिंग झालं, त्यात काही त्रास नाही. आयडीएसपी, म्हणजे साथीच्या रोगांवर नजर ठेवायचं सरकारी काम, २००४ पासूनचं आहे, तेव्हा कागद असायचे, सोमवार ते रविवारचा आठवडा धरून आकडे वर पाठवायचे. आता त्यासाठी आयएचआयपी नावाचं ऑनलाइन ॲप, रोजच्या रोज, नावानिशी. आमचा एस फॉर्म म्हणजे घरोघर फिरताना दिसलेली लक्षणं, पी डॉक्टरांचा, एल लॅबचा.

तर पहिल्याच दिवशी गावाची लिस्ट उघडली आणि त्यात माझं खुर्दच नाही. बाकी चार गावं आहेत आणि पाचव्या जागी बुद्रुक!

विचारलं तर म्हणाले, सध्या त्यातच टाका, नंतर बघू. टाकलं. जून-जुलैत पेशंट होतेच किती! पण फ्लू आपल्याकडे वर्षातून दोनदा डोकं काढतो, जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्याच्या शेवटी. गणपती आले आणि खुर्दच्या एका गल्लीत तीन दिवसांत चौदा जण खोकताना सापडले. एक आजी ओट्यावर बसलेली, मांडीवर नातू, म्हणते, "बाई, चार दिन व्हई ग्यात, खोकला जाईच नही ऱ्हायना." चौदाच्या चौदा मी बुद्रुकमध्ये टाकले आणि दुसऱ्या दिवशी बुद्रुकच्या सिस्टरला वरून फोन, तुमच्याकडे एकदम केसेस कशा वाढल्या, सर्व्हे केला का? ती बिचारी दिवसभर उन्हात घरं फिरली, तिला तीन पेशंट सापडले. संध्याकाळी तिचा मला फोन आला, काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण चूक तिची नव्हतीच.

मग मी बुद्रुकमध्ये टाकणं बंद केलं आणि खुर्दची माहिती वहीत लिहायला लागले. म्हणजे ॲपमध्ये खुर्दचा काहीच पत्ता नाही. इथेच माझा जीव जळायचा. कोणी खोकललं नाही तर 'निरंक' कळवायचं असतं, ती पण माहितीच आहे. पण गावच लिस्टमध्ये नसेल तर निरंकही नाही. वरून बघणारा माणूस एकेक खोकला मोजत नाही, नेहमीपेक्षा कुठे जास्त झालं ते बघतो. त्याला खुर्द दिसणारच नाही. २००९ ला स्वाइन फ्लूत देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा आम्ही नर्सिंगला होतो, ते दिवस आठवतात म्हणून असेल, मला हे शांत बसू देईना.

अर्ज दिला. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांनी सही लगेच केली, ते चांगले आहेत. वरच्या ऑफिसात मात्र पहिल्या खेपेला "हे तांत्रिक आहे, वरून होतं". दुसऱ्या खेपेला "लेटरहेडवर आणा". तिसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला, मी दुपारी अडीचपर्यंत बाकावर, डबा पण तिथेच खाल्ला. चौथ्या खेपेला कळलं की गावाचा कोड लागतो. अहो, हे पहिल्या दिवशी सांगायला काय होतं?

ग्रामसेवक भाऊंकडून कोड आणला, दिला, तीन आठवडे गेले आणि अर्ज परत. का तर तो गावाचा कोड नव्हताच, ग्रामपंचायतीचा होता. आमची गट ग्रामपंचायत, खुर्द आणि बुद्रुक मिळून एकच आणि ती बुद्रुकच्या नावाने. म्हणजे मी स्वतःच्या हाताने परत बुद्रुकच मागत होते! शेवटी तलाठी आप्पांनी जनगणनेच्या यादीतून २०११ चा सहा आकडी कोड काढून दिला, पाच मिनिटांचं काम. नंतर कळलं की सरकारची एलजीडी (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) म्हणून वेबसाइट आहे, लॉगिन न करता कोणालाही बघता येते. तिथे ग्रामपंचायत नाही, 'व्हिलेज' मध्ये शोधायचं. कोणाचं असं अडकलं असेल तर आधी हे करा, बाकावर बसू नका.

आणि हो, प्रत्येक खेपेला आवक नंबर टाकून पोच घ्या. मी पहिल्या दोनदा घेतली नव्हती, अर्ज "सापडत नाही" झाला.

मधल्या काळात एक बरं झालं, वहीतले आकडे मी डॉक्टरांना रोज फोनवर सांगत होते. त्या गल्लीतले एक बाबा दम लागून ॲडमिट झाले तेव्हा डॉक्टरांनी तिथे कळवून घशाचा स्वॅब घ्यायला लावला. स्वॅब व्हीटीएममध्ये, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या नळीत, बर्फात गेला. बाबा आठ दिवसांनी घरी आले, आता परत बिड्या ओढतात.

नवीन मुलींसाठी अजून एक. लेकराला ताप आणि खोकला दोन्ही असेल तर दोन ठिकाणी टाकू नका, तापासह खोकला एकदाच. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर तो वेगळा धरायचा, तिथे टीबीचा संशय आधी. आणि रेंज नसेल तर टाकीवर चढा, मी चढते.

डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात सकाळी टॅब उघडला तर लिस्टमध्ये खुर्द! मी आशाताईला तिथेच ओरडून दाखवलं. ती चष्मा वर करून बघत बसली, मग म्हणे, "ताई, पन हाई 'खुरद' का लिखेल शे?"

खरंच 'खुरद' लिहिलंय. मी काही बोलले नाही कोणाला. परत लेटरहेड कोण आणेल?